लोकलच्या टप्प्यातलं रान: अंबरनाथ-बदलापूरच्या वाटा

कल्याणहून सुटलेली कर्जत लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ करत बदलापूरला पोचते. वाटेत उजव्या हाताला एक डोंगररांग सोबत करते. मलंगगड, तावली, चंदेरी, नाखिंद आणि पुढे थेट माथेरान. डाव्या हाताला उल्हास नदी, आणि नदीपलीकडे मुरबाडच्या दिशेने पसरलेलं बारवीचं रान. एका तिकिटात डोंगरही आणि जंगलही! तरी इथली गर्दी वर्षातले दोन महिनेच येते, तीही धबधब्याखाली उभं राहायला. बाकीचे दहा महिने हे रान मोकळं असतं, आणि बघण्यासारखं सगळं त्याच दहा महिन्यांत घडतं.

राजगड-हरिश्चंद्रगडाला वर्षातून एकदा जाणं होतं. इथे मात्र पहाटेची लोकल पकडून दुपारच्या जेवणाला घरी परतता येतं, म्हणून एकाच वाटेने पुन्हा पुन्हा जाता येतं. रान खऱ्या अर्थाने ओळखीचं होतं ते असंच. पुढची माहिती त्याच दृष्टीने वाचावी.

आधी दिशा समजून घ्या

नवख्यांची पहिली फसगत स्टेशनवरच होते. कल्याणनंतर रूळ आग्नेयेकडे वळतात, पण फलाटावरच्या 'पूर्व' आणि 'पश्चिम' या पाट्या मुंबईच्याच हिशोबाने लागलेल्या आहेत. त्यामुळे बदलापूर 'पूर्वे'ला उतरलात की प्रत्यक्षात तुम्ही नैऋत्येच्या डोंगरांकडे निघता, आणि 'पश्चिमे'ला उतरलात की ईशान्येला नदी ओलांडून बारवीकडे. हिवाळ्यात बदलापुरातला सूर्य पूर्वेकडच्या म्हणवल्या जाणाऱ्या डोंगरांमागे मावळतो. एवढं लक्षात ठेवलं तर पुढे काही चुकत नाही: पूर्वेचा जिना डोंगरासाठी, पश्चिमेचा जिना नदी आणि जंगलासाठी.

कधी जावं

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ चालण्यासाठी उत्तम. दिवाळीच्या आसपास खाचरांतून भातकापणी चाललेली असते, ओढ्यांना बेताचं पाणी असतं आणि हवा स्वच्छ असते. जानेवारी-फेब्रुवारीत पानं गळतात, पक्षी नीट दिसू लागतात आणि निष्पर्ण काटेसावर लाल फुलांनी भरते. तिच्या मागोमाग पळस पेटतो. मार्चमध्ये कुसुमाला तांबडी लुसलुशीत पालवी येते आणि मोहाची फुलं पहाटे टपटपू लागतात. एप्रिल-मेमध्ये करवंदं आणि जांभळं. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, त्यामुळे हंगामात इथे आलात तर ती इथल्याच माणसांकडून विकत घ्या. उन्हाळ्यात मात्र सहाला चालायला सुरुवात करून दहापर्यंत सावलीत परतायचं, हा नियम मोडू नका.

जून लागताना स्टेशनाबाहेर ठाकर आणि कातकरी बाया शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. जमिनीतल्या कंदातून पहिल्या सरींबरोबर वर येणारा हा जांभळट फुलोरा. घरी नेल्यावर आतला पिवळा भाग काढून टाकावा लागतो, आणि शिजवताना काकडं, म्हणजे त्याच रानातली हिरवी आंबट फळं, घालावी लागतात. नाहीतर घसा खाजतो. म्हणून जाणती विक्रेती शेवळांच्या जुडीबरोबर काकडंही देते. पुढे टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी अशी रांग लागते. या भाज्या स्वतः उपटायला जाऊ नका. सारख्या दिसणाऱ्या विषारी वनस्पती असतात, आणि ही त्या बायांची हंगामी कमाई आहे. शिजवायची कशी तेही त्यांनाच विचारा, त्या हौसेने सांगतात.

चार वाटा

*अंबरनाथचं देऊळ आणि काकोळे.* कुटुंबासह, अर्धा दिवस. अंबरनाथ पूर्वेला उतरून प्रथम शिवमंदिर पाहा. शके 982, म्हणजे इ.स. 1060 चा शिलालेख असलेलं हे शिलाहारकालीन देऊळ ज्या काळ्या दगडाचं आहे, तोच दगड मागच्या डोंगरांत आहे. गाभारा पायऱ्या उतरून खाली आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं उठून दिसतात. शेजारून वाहते ती वालधुनी. तिचा उगम शोधत वरच्या अंगाला गेलात तर काकोळ्याचा तलाव लागतो. तो ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या काळातला, म्हणून अजूनही 'जीआयपी टँक'. जागा रेल्वेची आहे, आत शिरण्याआधी विचारा. डोंगरातून निर्मळ उतरणारी हीच नदी उल्हासनगरात पोचेपर्यंत सांडपाण्याने काळी पडलेली असते. मुलांना घेऊन जाणार असाल तर नदीची ही दोन्ही रूपं एकाच दिवशी दाखवा. पुस्तकातल्या धड्यापेक्षा ते जास्त लक्षात राहील.

*भोज आणि कोंडेश्वर.* अर्धा दिवस, सोपी चाल. बदलापूर पूर्वेहून सात-आठ किलोमीटर. भोजपर्यंत रिक्षा मिळते, पण येतानाचं आधी ठरवून घ्या. भोजच्या धरणाच्या कडेने जाताना पाणपक्षी बघायला दुर्बीण हवीच. पुढे डोंगराच्या कुशीत कोंडेश्वराचं महादेवाचं देऊळ, आणि देवळालगत धबधब्याचं कुंड. नोव्हेंबर ते जानेवारीत हा परिसर शांत आणि सावलीचा असतो. कुंडाविषयी पुढे वेगळं लिहिलं आहे, ते वाचल्याशिवाय निघू नका.

*मुळगावचा खंडोबा आणि बारवीचा रस्ता.* एक सकाळ. बदलापूर पश्चिमेहून उल्हास नदी ओलांडली की मुळगाव. टेकडीवरच्या खंडोबाला पायऱ्यांनी जाता येतं. वरून उल्हासचं खोरं आणि समोरची सगळी डोंगररांग एका नजरेत येते, त्यामुळे या भागातली पहिली भटकंती इथूनच करावी. पुढे बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा साग, ऐन आणि खैराचं जंगल लागतं. पक्षी बघायचे तर उजाडता उजाडता रस्त्याकडेने सावकाश चाला. तांबट, हळद्या, राखी धनेश, स्वर्गीय नर्तक यांच्यासाठी कान उघडे ठेवा. आत शिरायचं असेल तर वनखात्याची परवानगी घ्या. या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. अंधार पडण्याआधी जंगलाबाहेर या, आणि लहान मुलांना मागे-पुढे एकटं सोडू नका. धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचं आहे. त्याच्या भिंतीवर पर्यटकांना प्रवेश नसतो. तिथे हुज्जत घालू नका.

*चंदेरी.* पूर्ण दिवस, अनुभवी भटक्यांसाठी. बदलापूरच्या पुढचं स्टेशन वांगणी, तिथून गोरेगावमार्गे पायथ्याचं चिंचवली गाव. गावातून वाटाड्या घ्या. रानात ढोरवाटा इतक्या फुटतात की ठाम वाटणारी वाट सुद्धा करवंदीच्या जाळीत नेऊन सोडते. वर घसारा आहे, त्यामुळे चढण्यापेक्षा उतरायला जास्त वेळ धरा. कातळातल्या गुहेपर्यंत जाऊन परत फिरणं हाच बहुतेकांसाठी पूर्ण ट्रेक आहे. वरचा सुळका दोर, साधनं आणि जाणकार सोबत असल्याशिवाय अजिबात करू नका.

तीन झाडं ओळखायला शिका

सगळी झाडं एका दिवसात ओळखीची होत नाहीत. पहिल्या खेपेला तीन पुरे. साग मोठ्या खरखरीत पानांवरून लगेच कळतो. खात्री करायची तर खाली पडलेलं कोवळं पान बोटांत चुरडा, बोटं लाल होतात. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांनी फुटलेली असते, आणि पान उलटं करून पाहिलं तर देठाजवळ दोन बारीक गाठी सापडतात. खैर अंगाने बारीक, पानं चिंचेसारखी, फांद्यांवर आकडेदार काटे. पानातला कात याच्याच गाभ्यातून येतो. ही तीन डोळ्यांत बसली की बाकीची आपोआप वेगळी दिसू लागतात. डोंगरउतारावर कारवी भेटेल. काही वर्षांच्या खंडाने एकदाच सगळा उतार जांभळा करणारी ही झुडपं. तिच्या काठ्यांचे कूड वाड्यांवरच्या घरांना अजूनही दिसतात.

पाणी: इथला खरा धोका

कोंडेश्वरच्या कुंडात बुडून तरुण मुलं गेल्याच्या बातम्या अनेक पावसाळ्यांत आल्या आहेत. त्यांत पोहता येणारेही होते. कुंडाची खोली वरून कळत नाही, तळाचा कातळ असमान आहे, शेवाळावर पाय ठरत नाही. शिवाय पाऊस डोंगरमाथ्यावर पडतो आणि लोंढा खाली येतो. तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही पाणी वाढू शकतं. पाणी अचानक गढूळ झालं, त्यातून पालापाचोळा वाहून येऊ लागला, तर सामान आवरत बसू नका. तत्क्षणी काठावर चढा. पावसाळ्यात धोक्याच्या ठिकाणी जिल्हाधिकारी मनाईआदेश काढतात. निघण्याच्या आदल्या दिवशी त्याची चौकशी करा, आणि आदेश असेल तर बेत बदला.

बारवीचे दरवाजे स्वयंचलित आहेत. पातळी भरली की ते आपोआप उघडतात, कुणाची वाट पाहत नाहीत. त्यामुळे पावसाळ्यात धरणाखालच्या नदीपात्रात उतरायचंच नाही. उल्हासचं बळ ज्यांना ठाऊक नाही त्यांनी 27 जुलै 2019 आठवावा. त्या दिवशी बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि शेकडो प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं.

बाकी खबरदारी नेहमीचीच. माणशी तीन लिटर पाणी, पूर्ण बाह्यांचा सदरा, घोट्यापर्यंतचे बूट, टॉर्च आणि शिट्टी. फुरसं आणि घोणस या भागात आहेत. दगडाखाली हात घालू नका. साप चावलाच तर जखम कापणं, चोखणं, आवळून बांधणं यांत वेळ घालवू नका. माणसाला स्थिर ठेवा, 108 ला फोन करा आणि सरळ रुग्णालय गाठा. उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय हे या भागातलं मोठं सरकारी रुग्णालय. पोलिसांसाठी 112. डोंगराआड रेंज जाते, त्यामुळे कुठे जाताय आणि किती वाजता परतणार हे घरी सांगून निघा.

रानाशी कसं वागावं

वाडीतून जाताना कुणाच्या अंगणाचे, बायकामुलांचे फोटो न विचारता काढू नका. स्पीकर घरी ठेवा. जेवण बरोबर न्यायचं तर भाकरी-चटणी कागदात बांधून न्या, आणि परतताना कचऱ्याची पिशवी स्टेशनपर्यंत आणा. वाडीवर कुणी जेवू घातलं तर योग्य पैसे द्या. पाहुणचार म्हणून नाकारले तरी मुलांच्या हातात गोळ्या देण्यापेक्षा त्यांच्याकडची करवंदं विकत घेणं केव्हाही चांगलं.

आणि आग. फेब्रुवारी ते मे या काळात इथले डोंगर जळतात. अंबरनाथजवळच्या मांगरूळच्या टेकडीवर 2017 साली लाखभर रोपं लावली गेली, आणि पुढे तीही वणव्यात सापडली. शेतात दिसणारा सगळा धूर वणव्याचा नसतो. उन्हाळ्यात शेतकरी भाताच्या रोपवाटिकेसाठी पालापाचोळा आणि शेण भाजतात, तो राब. तो खाचरात असतो आणि माणूस त्याच्याजवळ उभा असतो. राखण नसलेली, चढावर सरकणारी आगीची रेघ दिसली तर मात्र वनखात्याला 1926 वर कळवा. जागा सांगताना जवळच्या गावाचं नाव आणि डोंगराची कुठली बाजू ते सांगा. वाऱ्याच्या दिशेने उभं राहून स्वतः विझवायला जाऊ नका. आणि रानात चूल, विडी, सिगारेट यांपैकी काहीच नको.

सुरुवात करायची असेल तर यंदाच्या नोव्हेंबरात यांतली एक वाट निवडा. तीच वाट फेब्रुवारीत पळस फुलल्यावर चाला, आणि मेच्या पहाटे पुन्हा. प्रत्येक खेपेला वहीत तारीख, फुललेली झाडं, ऐकलेले पक्षी आणि ओढ्यातलं पाणी लिहा. वर्षभराने तुमच्या हाती एका रानाचं स्वतः पाहिलेलं पंचांग असेल. आणि त्या डोंगरावर कुणी कुऱ्हाड किंवा काडी घेऊन आला, तर तिथे काय होतं आणि काय गेलं, हे खात्रीने सांगू शकणारं एक माणूस वाढलेलं असेल. या रानाला आज सर्वांत जास्त गरज आहे ती अशाच माणसांची.