खासगी टांकसाळीची चांदी व खातेदाराची गंगाजळी

जमिनीच्या मोबदल्याची, भाताच्या विक्रीची अगर गणपतीच्या कारखान्यातील नफ्याची काही शिल्लक ज्यांच्या हाती राहते, अशा जोहे, हमरापूर व एकंदर पेण तालुक्यातील खातेदारांत चांदीच्या विटा घेऊन ठेवण्याचा विचार हल्ली वारंवार बोलला जातो. त्यास कारणेही आहेत. पेणच्या अर्बन बँकेचे व्यवहार २०१० साली थांबले, तेव्हा ठेवीवरील विम्याची मर्यादा अवघी एक लाख रुपये होती; ती पाच लाख झाली फेब्रुवारी २०२० मध्ये. ज्या तालुक्याने हे पाहिले, तेथील माणसास हातात धरता येणाऱ्या धातूचा भरवसा वाटल्यास नवल नाही. त्यातच ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदीने जागतिक बाजारात एका औंसास पन्नास डॉलरची मर्यादा ओलांडून जानेवारी १९८० चा उच्चांक मोडला, आपल्याकडे किलोचा भाव दीड लाखावर गेला, आणि ऐन दिवाळीत माल अपुरा पडला.

चांदीचा भाव पुढे चढेल की उतरेल, हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. इतकेच ध्यानात असावे की, १९८० च्या जानेवारीतील पन्नास डॉलरचा भाव त्याच वर्षी मार्चअखेर अकरा डॉलरच्या खाली आला होता. आणि एप्रिल २०११ मध्ये पुन्हा पन्नासाच्या घरात जाऊन डिसेंबर २०१५ मध्ये चौदाच्या खाली उतरला होता. शेतकऱ्याच्या दृष्टीने खरा प्रश्न निराळाच आहे. वीट घेताना काय भावास पडली, यापेक्षा ज्येष्ठात पेरणीच्या तोंडावर नड पडली असता ती कोण घेईल, किती दिवसांत घेईल व किती बट्टा कापील, हे अगोदर पाहावयास पाहिजे.

खासगी टांकसाळ म्हणजे सरकारी नसलेला असा कारखाना, की जो चांदी शुद्ध करून अगर शुद्ध चांदी विकत घेऊन तिच्या विटा, लगडी व गोल चकत्या पाडतो आणि त्यांवर आपला शिक्का, वजन व कस उठवितो. चलनी नाणे पाडण्याचा अधिकार केवळ केंद्र सरकारचा आहे. सबब लक्ष्मी-गणपतीची छाप असलेल्या चकतीस व्यवहारात 'नाणे' म्हणत असले, तरी ते कोणी देण्याघेण्यात स्वीकारण्यास बांधलेला नाही.

ही गोष्ट आपल्या मुलखास नवी नाही. पेशवाईत टांकसाळ बहुधा खासगी इसमाचीच असे. सरकारातून ठराविक मुदतीचा परवाना मिळे व त्याबद्दल आकार भरावा लागे. नानासाहेब पेशव्यांच्या अमदानीत, १७४४ च्या सुमारास, आपल्या शेजारच्या नागोठण्यास व रेवदंड्यास तांब्याचे पैसे पाडण्याचे असे परवाने दिलेले आहेत. रुपयांचीही तीच गत. चांदवडी, अंकुशी आदिकरून अनेक रुपये एकाच वेळी चालत, आणि एका छापाचा रुपया दुसऱ्या मुलखात घेताना सराफ बट्टा कापीत. महसुलाच्या जुन्या कागदांत 'बट्टा' हा शब्द पदोपदी आढळतो, तो याचमुळे. रुपयातील चांदी तीच असे. परंतु घेणाऱ्यास त्या छापाची खात्री नसली की किंमत उतरे.

पुढे इंग्रजी अमलात १८३५ सालापासून एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम वजनाचा, बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदीचा रुपया सुरू झाला. कोणीही मुंबईच्या टांकसाळीत चांदी न्यावी, अल्प आकार द्यावा व रुपये पाडून घ्यावे, अशी मोकळीक होती. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दक्षिणेतील कुणब्यांच्या घरांतील तोडे, वाळे व गोठ यांची चांदी मोठ्या प्रमाणावर या टांकसाळीत आली, आणि तिचे रुपये होऊन धान्य घेता आले. २६ जून १८९३ रोजी सरकारने ही मोकळीक बंद केली. रुपया कायद्याच्या बळावर आपल्या जागी राहिला व चांदी मात्र घसरत गेली. १८९९-१९०० च्या दुष्काळात एका रुपयात जितकी चांदी, तितक्या चांदीस बाजारात दहा-अकरा आण्यांच्या आसपासच मोल उरले होते. संचय तोच, कसही तोच. तो मोडून पैसा करण्याचा दरवाजा तेवढा बंद झाला होता.

असाच एक दरवाजा आज विटेस बंद आहे, आणि खरेदीच्या उत्साहात तो फार थोड्यांच्या लक्षात येतो. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सोने-चांदीच्या तारणावरील कर्जाचे निर्देश काढले व त्यांच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविली. त्यांनुसार चांदीचे दागिने दर कर्जदारामागे १० किलोपर्यंत व चांदीची नाणी ५०० ग्रॅमपर्यंत तारण घेता येतात. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जास तारणाच्या किमतीच्या शेकडा ८५ इतकी रक्कम मिळू शकते. परंतु वीट अगर लगड तारण घेण्यास बँकांना, सहकारी बँकांनाही, मनाई आहे. म्हणजे किलोभर चांदीची वीट ट्रंकेत असूनही खत-बियाण्यापुरत्या पैशासाठी ती एक तर विकावी लागेल, नाही तर सावकाराकडे न्यावी लागेल. नड नेमकी भाव उतरलेला असताना आली, तर तोटा कायमचा झाला. उलट साधे, जड, नक्षी नसलेले तोडे अगर कडी घेतली, तर मजुरी अंगावर पडते खरी, पण जिन्नस घरचा घरात राहून हंगाम निघतो. ज्याची गरज हंगामी आहे अशा खातेदाराने मजुरी सोसून दागिना घ्यावा, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. खासगी टांकसाळीची चकती 'नाणे' म्हणून स्वीकारली जाईल किंवा कसे, हे मात्र घेण्यापूर्वी आपल्या शाखेत विचारून ठेवावे.

आता बट्ट्याचा हिशेब. सोपेपणासाठी चांदीचा भाव किलोस एक लाख रुपये धरू. किलोच्या विटेवर टांकसाळीने व दुकानदाराने मिळून शेकडा दोन चढविले, तर १,०२,००० झाले; त्यावर शेकडा तीन वस्तू व सेवा कर ३,०६०; एकूण १,०५,०६०. दुसऱ्याच दिवशी विकावयास गेल्यास घेणाऱ्याने शेकडा तीन कापले तर ९७,००० हाती येतील. भरलेला कर परत मिळत नाही. म्हणजे मुद्दल सुटण्यासच भाव आठ टक्क्यांहून अधिक चढला पाहिजे. दहा ग्रॅमच्या चकतीवर शेकडा पंधरा चढविले व विकताना चार कापले, तर हेच अंतर तेवीस टक्क्यांवर जाते. हे दर केवळ उदाहरणाचे आहेत. प्रत्येकाने आपल्या सराफाचा घेण्याचा व विकण्याचा असे दोन्ही भाव एकाच वेळी विचारून कागदावर उतरवून घ्यावे. जो विकण्याचा भाव तत्काळ सांगतो व परत घेण्याचा सांगताना घुटमळतो, त्याच्याकडे वीट घेऊ नये. लहान चकत्या ओवाळणीस ठीक, गंगाजळीस नव्हेत.

कोणाचा शिक्का घ्यावा? लंडनच्या बाजाराने मान्य केलेल्या शुद्धीकारांच्या यादीत हिंदुस्थानातील एक ठळक नाव आहे. ते हरियाणातील एमएमटीसी-पॅम्प, म्हणजे २००८ साली सरकारी एमएमटीसी व स्वित्झर्लंडची पॅम्प यांनी मिळून काढलेली कंपनी. अशा शिक्क्याची सीलबंद वीट दुसरा सराफ सहसा वितळविल्याशिवाय घेतो. लहान स्थानिक टांकसाळीची चांदी कमी कसाची असते असे मुळीच नाही. पण पेणेस घेतलेली वीट पुण्यास अगर मुंबईस विकावयाची झाल्यास सराफ टंच काढील, त्याची फी व घट आपल्या माथी येईल. म्हणून शिक्का स्थानिक असेल तर तोच दुकानदार परत घेईल, असे पावतीवर लिहून घ्यावे. चांदीच्या दागिन्यांस व वस्तूंस १ सप्टेंबर २०२५ पासून सहा अक्षरांकी ओळखक्रमांकाचा हॉलमार्क मिळू लागला, परंतु तो सोन्याप्रमाणे सक्तीचा केलेला नव्हता. सबब तो आपण होऊन मागावा लागतो.

घरच्या घरी करण्याजोगी एक परीक्षा आहे. तराजूवर पाण्याचे भांडे ठेवून काटा शून्यावर आणावा. वीट दोऱ्याने बांधून, तळास व कडेस न लागेल अशी पाण्यात पूर्ण बुडवून धरावी. शुद्ध चांदीच्या एक किलो विटेस काटा ९५ ग्रॅमच्या जवळ दाखवील, कारण चांदी पाण्याच्या साडेदहा पट जड आहे. तांबे असल्यास आकडा ११२ च्या जवळ येईल, शिसे असल्यास ८८. जर्मन सिल्व्हर म्हणतात त्यात तर चांदीचा अंशही नसतो. त्याचा आकडा तांब्याहूनही वर जातो. या परीक्षेत जी वीट नापास झाली ती खोटी खास. परंतु पास झाली एवढ्याने ती खरी ठरत नाही, कारण शिसे व तांबे बेताने मिसळून तोच आकडा साधता येतो. दुकानातील क्ष-किरणांचे यंत्रही केवळ पृष्ठभाग वाचते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. पोटातील धातू कळण्यास विटेचा तुकडा काढून रासायनिक परीक्षाच करावी लागते.

खरेदी चेकने अगर खात्यातून करावी. दोन लाख वा अधिक रोख घेण्यास विकणाऱ्यालाच १ एप्रिल २०१७ पासून कायद्याने मनाई आहे. पावतीवर वजन, कस, विटेचा क्रमांक व कर हे सर्व आले पाहिजे. शेतीच्या उत्पन्नास आयकर नसला, तरी त्या पैशातून घेतलेल्या चांदीवरील नफ्यास आहे. २३ जुलै २०२४ पासून झालेल्या बदलानुसार चोवीस महिन्यांहून अधिक काळ ठेवून विकल्यास नफ्यावर शेकडा साडेबारा दराने कर बसतो, आणि पावती नसल्यास मूळ किंमत सिद्ध करणे जड जाते.

राहता राहिली जतन करण्याची गोष्ट. आमच्या खारपट्टीत दमट हवेने चांदी लवकर काळवंडते. तो पृष्ठभागावरील गंधकाचा परिणाम असून आतील कस त्याने कमी होत नाही. राखेने अगर चिंचेने घासून वीट उजळू नये, कारण शिक्क्याची रेघ झिजली की पुन्हा टंच आलाच. सीलबंद वेष्टण फोडू नये. उघडी वीट असल्यास कोरड्या सुती कापडात गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवावी, आणि पावती त्याच डब्यात न ठेवता सातबाराच्या कागदांत लावावी.