खुर्ची कुठून कुठपर्यंत?

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेल्या आई-बाबांच्या सहलींमध्ये नायगरा, न्यूयॉर्क आणि ओरलँडोचं डिस्ने ही तीन नावं हमखास असतात. नातवंडांची सुट्टी जुळली की तिकिटं, हॉटेल, गाडी हे सगळं काही महिने आधी ठरतं. आजींच्या गुडघ्यांचं काय, हा प्रश्न मात्र ‘तिथे व्हीलचेअर भाड्यानं मिळते’ एवढं म्हणून निकालात काढला जातो. मिळते हे खरं आहे. पण तेवढ्यावर विसंबून आखलेली सहल पहिल्याच दिवशी दुपारी लंगडू लागते आणि मग घरातलं प्रत्येक माणूस दुसऱ्यावर चिडलेलं असतं. माझं म्हणणं सरळ आहे: खुर्ची पार्कसाठी घ्यायची नसते, दिवसासाठी घ्यायची असते. सकाळी खोलीचं दार ओढून घेतल्यापासून रात्री परत पलंगाला पाठ टेकेपर्यंत ती सोबत हवी. ती घ्यायची की नाही, कुठून घ्यायची आणि कोणती घ्यायची, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं यातूनच निघतात.

आधी अंतरांचा हिशेब मांडू. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड हे एक उद्यान नाही. १९७१ साली उघडलेलं मॅजिक किंगडम, १९८२चं एपकॉट, १९८९चं हॉलिवूड स्टुडिओज आणि १९९८चं अ‍ॅनिमल किंगडम अशी चार मोठी उद्यानं तिथे आहेत आणि प्रत्येकाला निदान एक दिवस लागतो. एपकॉटमध्ये तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत. त्यांची एक प्रदक्षिणाच सुमारे दोन किलोमीटरची, आणि पार्किंग, रांगा, खाणं, स्वच्छतागृहं यांचं चालणं वेगळं. मॅजिक किंगडमला तर गाडी लावली की उद्यान लागत नाही. आधी पार्किंग, मग सुरक्षा तपासणी, मग मोनोरेल किंवा फेरीबोटीनं तळ्यापलीकडे जायचं आणि त्यानंतर प्रवेशद्वार. भाड्याच्या खुर्च्या मिळतात त्या या सगळ्यानंतर. त्या आधी राखून ठेवता येत नाहीत, जो आधी येईल त्याला मिळतात, आणि त्या उद्यानाबाहेर नेता येत नाहीत. त्याच दिवशी दुसऱ्या उद्यानात गेलात तर पावती दाखवून तिथली खुर्ची पुन्हा पैसे न भरता मिळू शकते, पण शिल्लक असली तरच, आणि मधला प्रवास तुमचा तुम्हीच करायचा. रात्री आतषबाजी संपते, सगळी गर्दी एकदम बाहेर पडते, पाय पार दमलेले असतात. नेमकी तेव्हाच खुर्ची दारात परत करावी लागते. म्हणजे जिथे तिची गरज सर्वांत जास्त, तिथेच ती नसते.

यावर पहिला आक्षेप घरातूनच येतो. ‘अरे, मला काय धाड भरलीय? रोज सकाळी बागेत पाच फेऱ्या मारतो मी!’ बाबांचं म्हणणं खोटं नसतं. पण बागेतल्या फेऱ्या हव्या तेव्हा थांबवता येतात, बाक जवळ असतो आणि तासाभरात माणूस घरी परततो. इथे सलग दहा-बारा तास, फ्लोरिडाच्या दमट उन्हात, आणि त्यातला बराच वेळ चालण्यापेक्षाही उभं राहण्यात जातो. गुडघ्याची झीज झालेल्यांना किंवा कमरेत नस दबलेल्यांना चालण्याइतकंच, कधी त्याहून जास्त, एका जागी ताटकळणं बाधतं. मधुमेह्यांच्या पावलांना बधिरपणा असेल तर बुटाने पडलेला फोड संध्याकाळपर्यंत लक्षातही येत नाही. म्हणून ‘चालता येतं का?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं ते असं: सलग तीन-चार दिवस, रोज एवढा वेळ पायांवर काढून चौथ्या दिवशीही हौस शिल्लक राहील का? गंमत म्हणजे हीच मंडळी मुंबईच्या विमानतळावर मुकाट्यानं खुर्चीत बसतात. तिथे इमिग्रेशन, विमान बदलणं, अनोळखी इंग्रजी या सगळ्यातून नेणारा माणूस हवा असतो, म्हणून खुर्चीचा कमीपणा वाटत नाही. मात्र त्या सवयीतून एक गैरसमजही पक्का होतो. विमानतळावरच्या खुर्चीसोबत ती ढकलणारा कर्मचारी येतो. थीम पार्कमध्ये फक्त खुर्ची मिळते, माणूस मिळत नाही.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो: ‘ज्यांना खरंच चालता येत नाही, त्यांच्या सोयीवर आपण डल्ला का मारायचा?’ उद्यानातल्या खुर्च्या मोजक्या असतात, त्यामुळे या प्रश्नात तथ्य आहे. पण त्याचं उत्तर खुर्ची टाळणं नव्हे. स्वतःची सोय बाहेरून करून आलात तर दारातली खुर्ची आपोआप दुसऱ्या कुणासाठी उरते. या आक्षेपामागे एक जुनी शंकाही असते, की खुर्चीतली माणसं रांग चुकवतात. एके काळी तसे प्रकार घडलेही. पैसेवाली कुटुंबं अपंग व्यक्तीला ‘गाइड’ म्हणून भाड्यानं घेऊन पुढे घुसतात, अशा बातम्या २०१३ साली अमेरिकेत गाजल्या आणि त्याच वर्षी डिस्नेनं अपंगांना रांगेत मिळणाऱ्या सवलतीची जुनी पद्धत बदलली. २०२४ मध्ये नियम आणखी आवळले. आता ती विशेष सवलत मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणींमुळे लांब रांगेत थांबू न शकणाऱ्यांसाठी आहे. खुर्चीतला माणूस बहुतेक ठिकाणी सगळ्यांसोबत त्याच रांगेत असतो. फक्त तो बसलेला असतो. म्हणून ‘आजींना खुर्चीत बसवू, म्हणजे आपला सगळ्यांचा नंबर लवकर लागेल’ असा मनसुबा कुणी रचत असेल तर तो आत्ताच सोडावा. आणि खुर्ची भाड्यानं देताना डॉक्टरचं सर्टिफिकेट कुणी मागत नाही, तेव्हा आपली गरज परक्यापुढे सिद्ध करण्याचं दडपणही नको.

आता खुर्ची कोणती? हे बसणाऱ्याइतकंच ढकलणाऱ्यावर ठरतं. चारही चाकं लहान असलेली ट्रान्सपोर्ट चेअर हलकी असते, घडी करून डिकीत मावते, पण ती बसणाऱ्याला स्वतः हलवता येत नाही आणि तिची छोटी चाकं फटींत अडकतात. मॅजिक किंगडमच्या मेन स्ट्रीटवर घोड्यांच्या ट्रामचे रूळ आहेत. ते तिरके ओलांडले तर पुढचं चाक खाचेत रुतून बसलेला माणूस पुढे कलंडू शकतो. रूळ नेहमी काटकोनातच ओलांडायचे. मागे मोठी चाकं असलेली साधी खुर्ची जड असते, पण असल्या जागी ती निभावून नेते, आणि बसणाऱ्याला थोडंफार स्वतःहून इकडेतिकडे वळता येतं. ढकलण्याचे कष्ट मात्र कुणी आधी मोजत नाही. ६५ किलोंची व्यक्ती आणि १५ किलोंची खुर्ची मिळून ८० किलो होतात. अमेरिकेत खुर्चीसाठीच्या रॅम्पला बाराला एक इतका चढ चालतो. त्या चढावर ८० किलो रेटायचे म्हणजे चाकांचं घर्षण सोडूनही सुमारे सात किलोंचा जोर सतत लावत राहायचं. एपकॉटमध्ये ब्रिटन आणि फ्रान्सच्या दालनांमधला पूल चढताना हे गणित खांद्यांना कळतं. पंचाहत्तरीच्या आजोबांनी आजींची खुर्ची दिवसभर ढकलायची, हा बेत म्हणूनच मनातून काढून टाकावा. ढकलणारी निदान दोन धडधाकट माणसं असतील तरच हाताची खुर्ची घ्यावी.

नसतील तर बॅटरीची स्कूटर हा पर्याय उरतो, आणि तिच्याबद्दल ‘घेतली की सुटलो’ अशी समजूत असते. ती अर्धीच खरी. ढकलणारा वाचतो, पण चालवणारा लागतो. उद्यानाच्या स्कूटर १८ वर्षांखालच्यांना चालवता येत नाहीत, आणि नातवाला मांडीवर घेऊन फिरणं चालत नाही. बहुतेक स्कूटरवर वेगाची गोल कळ असते, तिच्या एका टोकाला कासवाचं आणि दुसऱ्या टोकाला सशाचं चित्र. गर्दीत कळ कासवाकडेच ठेवायची. हँडलजवळची पट्टी दाबली की गाडी चालते आणि सोडली की थांबते. आयुष्यभर सायकल किंवा स्कूटर चालवलेला माणूस घाबरला की हात आवळतो, कारण त्याच्या सवयीत आवळणं म्हणजे ब्रेक; इथे आवळलं की गाडी समोरच्या पोटऱ्यांवर जाते. त्यामुळे हॉटेलच्या मोकळ्या आवारात अर्धा तास सराव केल्याशिवाय स्कूटर गर्दीत नेऊ नये. रोज रात्री ती चार्ज करायची आठवण कुणा एकावर सोपवावी, आणि दुपारच्या वळवासाठी हँडलवर घालायला मोठी प्लास्टिकची पिशवी ठेवावी. आकलन किंवा नजर मंदावलेल्या व्यक्तीला स्कूटर देऊच नये, मग ती कितीही हट्ट करो.

उरला पैशाचा आक्षेप: ‘दारात स्वस्त मिळत असताना बाहेरून कशाला?’ दारातल्या साध्या खुर्चीचा दर बरीच वर्षं दिवसाला १२ डॉलर होता. स्कूटरचा त्याच्या कितीतरी पट असतो. पाच दिवसांचे ६० डॉलर धरले, तर साधी ट्रान्सपोर्ट चेअर अमेरिकेत शंभर-दीडशे डॉलरमध्ये विकतच मिळते. सहा महिने राहायला आलेल्या आई-बाबांना ती पुढे मॉल, संग्रहालयं, नायगरा सगळीकडे उपयोगी पडते, तेव्हा हिशेब विकत घेण्याच्या बाजूने झुकतो. आठवड्याभरासाठीच हवी असेल तर ओरलँडोत हॉटेलवर आणून देणारे आणि परत नेणारे भाडेवाले बरेच आहेत. स्कूटर तर बहुधा त्यांच्याकडूनच घ्यावी, कारण ती बसमध्ये चढते आणि दारात परत करावी लागत नाही. उसनी मिळाली तर उत्तमच. आपल्याकडे रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं अनामत रक्कम घेऊन खुर्ची देतात, तशीच अमेरिकेत अनेक गावांत चर्च, ज्येष्ठ नागरिक केंद्रं आणि सेवाभावी संस्था देतात. मुलांनी आपल्या गावात चौकशी करावी. अमेरिकेच्या कायद्यानुसार प्रवाशाच्या वापरातली व्हीलचेअर विमान कंपनीला फुकट न्यावी लागते, त्यामुळे उसनी खुर्ची ओरलँडोला नेण्यात खर्च नाही. बॅटरीची असेल तर मात्र बॅटरीचा प्रकार आणि क्षमता कंपनीला आधी कळवावी लागते.

दारातली खुर्ची कुणासाठीच नाही, असं मी म्हणत नाही. एकाच दिवसाची सहल आहे, पार्किंगपासून दारापर्यंतचं अंतर आरामात जमतं आणि कुटुंब सकाळी उद्यान उघडतानाच पोहोचणार आहे, अशांना ती पुरते. बाकीच्यांनी घर सोडण्यापूर्वी सगळं पक्कं करावं. भाडेवाल्याला सीटची रुंदी, वजनाची मर्यादा, बिघाड झाल्यास बदली किती वेळात आणि चोरी किंवा मोडतोडीची भरपाई कोणाकडे, हे विचारून लेखी घ्यावं. बसणाऱ्याला खुर्चीत बसवून पावलं पावठाणावर (फूटरेस्टवर) नीट टेकतात का, हे पाहावं. लोंबकळणारं पाऊल मागे ओढलं जाऊन चाकाखाली येतं. उठताना दोन्ही ब्रेक लावायचे आणि पावठाणं वर दुमडायची. पावठाणावर पाय देऊन कुणी उभं राहिलं की खुर्ची पुढे उलटते. साडीचा पदर किंवा ओढणी चाकाच्या आऱ्यांत गुरफटू नये म्हणून खोचून घ्यावी. त्यापेक्षा त्या दिवसांपुरता बिनओढणीचा पंजाबी ड्रेस बरा. आणि प्रत्येक राइडची माहिती आधी वाचावी. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’च्या काही होड्यांत किंवा अ‍ॅनिमल किंगडमच्या सफारीत खुर्चीसकट बसता येतं. ‘हाँटेड मॅन्शन’सारख्या ठिकाणी खुर्चीतून उठून आसनावर जावं लागतं आणि कर्मचारी उचलून बसवत नाहीत. घरी सोफ्यावरून खुर्चीत आणि खुर्चीतून सोफ्यावर जाण्याचा सराव दोन-चार वेळा केला, तर कोणत्या राइड जमतील हे तिकिटं काढण्यापूर्वीच कळेल, आणि न जमणाऱ्या राइडच्या दारात आजींना थांबवून बाकीच्यांनी आत जाण्याची वेळ कमीत कमी येईल.