घर बदललं, पाटी जुनीच

एका ग्राहकाच्या सर्व्हरवर आमची कमांड-लाइन टूल्स बसवायची होती. तिथे इंटरनेट नव्हतं, म्हणून माझ्या लिनक्स मशीनवरचं पायथनचं तयार व्हेन्व टार करून नेलं. निघण्याआधी ते दुसऱ्या फोल्डरमध्ये उघडून चालवूनही पाहिलं होतं. सगळं सुरळीत. सर्व्हरवर मात्र पहिल्याच कमांडला उत्तर आलं: ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. आणि फाइल तर समोर दिसत होती!

तासभर परमिशन्स तपासल्या. शेवटी स्क्रिप्टची पहिली ओळ उघडली, तर शिबँगमध्ये माझ्या होम फोल्डरचा पूर्ण पाथ! सापडत नव्हता तो ती स्क्रिप्ट चालवणारा पायथन. मग घरी कसं चाललं? जुना फोल्डर जागेवरच होता आणि नवी कॉपी गुपचूप त्यातलाच पायथन वापरत होती.

घाईत दुसरी चूक केली. सगळ्या फाइलींवर ‘सेड’ फिरवून पाथ बदलला. स्क्रिप्ट्स सुधारल्या, पण कंपाइल केलेल्या लायब्ररीही तडाख्यात सापडल्या. नवा पाथ लांब, त्यामुळे आतले बाइट्स सरकले आणि त्या कामातूनच गेल्या.

तेव्हापासून काही पथ्यं पाळतो. व्हेन्व हलवायचं नाही. व्हील फाइली सोबत न्यायच्या आणि तिथेच नवं बनवायचं. स्वतःच्या बायनरीत पूर्ण पाथ ठेवायचा नाही. लिनक्सवर ‘पॅचएल्फ’ने आरपाथमध्ये ‘$ओरिजिन’ घालायचं, म्हणजे लायब्ररी बायनरीच्या जागेवरून शोधली जाते. मॅकवर हेच काम ‘इन्स्टॉल नेम टूल’ आणि ‘@लोडर_पाथ’ करतात. मात्र त्यानंतर फाइल पुन्हा साइन करायची, नाहीतर अॅपलच्या एम चिपवर सिस्टीम ती चालूच देत नाही. विंडोजवर डीएलएल सरळ एक्झीशेजारी ठेवायच्या. शिवाय लिनक्ससाठीचं बिल्ड जुन्या ग्लिबसीवर करायचं. जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, उलट चालेलच असं नाही.

यातलं काही विसरलात तरी एक विसरू नका. पॅकेज तपासण्याआधी मूळ फोल्डरचं नाव बदला. मग कॉपी अशा फोल्डरमध्ये उघडा, ज्याच्या नावात स्पेस आहे. तिथे चाललं, तरच ग्राहकाकडे निघा.