जुन्या रीसलिंगची पारख

वासाला नाव देणे वाटते तितके सोपे नाही. प्रात्यक्षिकाच्या तासाला विद्यार्थ्यापुढे एखादे एस्टर ठेवले, की तो परीक्षानळी नाकाजवळ नेतो, शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो आणि 'फळासारखा सुवास' असे लिहून मोकळा होतो. कोणत्या फळासारखा, असे विचारले की गप्प. याच परीक्षेत मीही एकदा अडखळलो. ती प्रयोगशाळा मात्र नव्हती. जर्मनीतील मोझेल नदीकाठच्या एका द्राक्षबागायतदाराचे तळघर होते.

१९९६ साली मी अभ्यासवृत्तीवर तिकडे होतो. यजमानांनी १९७६ च्या हंगामातील रीसलिंग या पांढऱ्या वाइनची बाटली माझ्यासाठी उघडली. रंग कढवलेल्या तुपासारखा. पेला नाकाशी नेला आणि मला एकदम आमच्या घरातला कंदील आठवला. तिन्हीसांजेला काच पुसून त्यात घासलेट भरले, की बोटांना जो वास राही, तोच हा वास! पण वीस वर्षे जपून ठेवलेल्या पेयाला पाहुण्याने घासलेट कसे म्हणावे? मी पुस्तकात वाचलेले उत्तर दिले, "मध." त्यांनी मान डोलावली आणि विचारले, "आणखी काय?" शेवटी धीर करून जे नाकाला जाणवले ते सांगून टाकले. तेव्हा कुठे त्यांची कळी खुलली. जुन्या वाइनच्या या लक्षणाला जर्मन भाषेत 'फिर्ने' असा खास शब्दच आहे.

विद्यार्थिमित्रहो, पुढील विवेचन मद्यपानाची शिफारस म्हणून वाचू नये. एका पेल्यात सेंद्रिय रसायनशास्त्राचा एवढा मोठा पाठ सामावलेला मला दुसरीकडे आढळला नाही, म्हणून हा खटाटोप.

रीसलिंग ही द्राक्षाची जात ऱ्हाईनच्या खोऱ्यातील. १४३५ सालच्या, रुसेल्सहाइम येथील तळघराच्या हिशेबात तिचा पहिला उल्लेख सापडतो. थंड हवेत ती सावकाश पिकते आणि पिकली तरी आपला आंबटपणा सोडत नाही. जर्मनीतील १९७१ च्या कायद्याने रसातील साखरेनुसार काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे अशा चढत्या पायऱ्या ठरवून दिल्या. श्पेटलेझे म्हणजे उशिरा खुडलेली. १७७५ साली योहानिसबर्ग येथे खुडणीची परवानगी आणणारा स्वार उशिरा पोचला, तोवर द्राक्षांवर बुरशी चढली होती, आणि त्याच द्राक्षांची वाइन अप्रतिम निघाली, अशी कथा तिकडे मोठ्या कौतुकाने सांगतात.

आता त्या घासलेटाकडे वळू. पेल्यात खनिज तेलाचा थेंबही नसतो. तो वास ज्या संयुगाचा, त्याचे लांबलचक नाव १,१,६-ट्रायमिथिल-१,२-डायहायड्रोनॅप्थलीन, संक्षेपाने टीडीएन. कपड्यांच्या पेटीत टाकतो त्या डांबरगोळीचे नॅप्थलीन हे त्याचे जवळचे नातलग. गाजराला केशरी रंग देणारी कॅरोटिनॉइडे द्राक्षाच्या सालीतही असतात. द्राक्ष पिकताना त्यांचे रेणू तुटतात आणि तेरा कार्बनांचे तुकडे उरतात. हे तुकडे साखरेच्या रेणूशी बांधलेले असल्याने त्यांना वास नसतो. बाटलीतील आम्ल वर्षानुवर्षे हे बंध तोडत राहते, सुटलेल्या तुकड्यांची मांडणी बदलत जाते आणि टीडीएन तयार होते. सिम्प्सन या ऑस्ट्रेलियातील संशोधकाने १९७८ साली जुन्या वाइनच्या गंधातील त्याचा वाटा दाखवून दिला. पुढे २०१२ साली अमेरिकेत झालेल्या मापनात एका लिटरमध्ये दोन मायक्रोग्रॅम, म्हणजे अब्जात दोन भाग, एवढ्यावरही नाकाला ते कळते असे दिसले. आपल्या प्रयोगशाळेतील तराजूला जे कधीच दिसणार नाही, ते नाक सहज ओळखते!

मग हा गुण म्हणावा की दोष? यावर जाणकारांत वाद आहे. द्राक्षाच्या घडावर ऊन जितके जास्त, तितका टीडीएनचा कच्चा माल जास्त. आणि साठवण उबदार असेल तर ते तयारही लवकर होते. (१९७६ हे युरोपात कडक उन्हाळ्याचे साल होते, ही गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली.) ऑस्ट्रेलियासारख्या उन्हाच्या देशात दोन-तीन वर्षांच्या वाइनलाही हा वास येऊ लागतो. तेथील क्लेअर खोऱ्यातील अनेक उत्पादकांनी २००० च्या हंगामापासून बूच सोडून फिरकीचे झाकण घेतले. बूच टीडीएन शोषून घेते, झाकण घेत नाही. त्यामुळे वास बाटलीतच राहतो. माझे मत असे, की मध, सुकवलेले जर्दाळू, भाजलेला पाव यांच्या सोबतीने तो मागून येत असेल तर गुण; कोवळ्या वाइनमध्ये फळाचा वास दाबून एकटाच पुढे येत असेल तर दोष. रेणू तोच, पण त्याची जागा चुकली. वातावरण तापत चालल्यामुळे जर्मनीतील बागायतदारही आता घडांभोवतीची पाने पूर्वीइतक्या मोकळ्या हाताने खुडत नाहीत.

ही वाइन वीस-तीस वर्षे टिकते ती मुख्यतः आम्लामुळे. द्राक्षातील प्रमुख आम्ल टार्टारिक. पाश्चरने १८४८ साली याच आम्लाच्या क्षारांचे उजवे-डावे स्फटिक वेगळे केले होते. हेच आम्ल आपल्या स्वयंपाकघरातील चिंचेत भरपूर असते. त्यामुळे पुढील प्रयोग वाइनशिवाय घरी करता येईल. चिंचेचा कोळ पाण्यात कालवून, गाळून त्याचे दोन पेले भरावेत. एकात दोन चमचे साखर विरघळवावी. दोन्हींत पीएच कागद बुडवला तर रंग सारखाच येईल. आम्ल काडीनेही कमी झालेले नाही. चव घ्या, तर दुसरा पेला कितीतरी सौम्य! चिंच-गुळाच्या आमटीचे तत्त्व हेच, आणि श्पेटलेझेचेही हेच. फरक एवढाच, की वाइन जुनी होत जाते तशी ती जिभेला कमी गोड लागू लागते. साखर मोजली तर जवळपास तेवढीच भरते.

पारख करताना पेला तृतीयांशच भरावा. वाइन फार थंड करू नये. दहा-बारा अंश सेल्सिअस पुरे. बर्फात घातलेल्या जुन्या वाइनचे गंध दबून जातात. बाटलीच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर घाबरू नये. ते पोटॅशियमचे टार्टारेट, निरुपद्रवी. पेला न हलवता एकदा हुंगावा, मग गोल फिरवून पुन्हा. दोन्ही वेळचे वास वेगळे येतात आणि दुसऱ्या वेळी बहुधा घासलेट मागे सरून मध पुढे येतो. मग छोटा घोट घेऊन तोंडात थोडी हवा ओढावी. घोट गिळण्याची सक्ती नाही. परीक्षक तो थुंकून टाकतात आणि तीच शहाणी रीत. भिजलेल्या पुठ्ठ्याचा किंवा बुरसट तळघराचा वास आला तर बूच बिघडलेले आहे. डाग पडलेल्या, काळवंडलेल्या सफरचंदाचा आला तर हवा शिरली आहे. घासलेटाची गफलत या दोहोंशी करू नये. आणि वहीत शब्द लिहायचा तो आपल्या घरातला. ज्याने हिरवा गूजबेरी कधी पाहिलाही नाही त्याने तो वास लिहू नये. घासलेट म्हणा, शेजारच्या कन्नड घरात सीमेएण्णे म्हणा. दोघांनाही कंदील आठवला की पुरे.

अन्नाशी जोडी जमवताना कोवळ्या आणि जुन्या वाइनला एकच नियम लावून चालत नाही. कोवळी, किंचित गोड, आठ-नऊ टक्केच मद्यार्क असलेली काबिनेट तिखटासमोर टिकते, कारण मद्यार्क तिखटाचा दाह वाढवतो आणि साखर तो शमवते. जुनीचे तसे नाही. तिचे बारीक गंध मिरची-मसाल्याखाली हरवतात. कोल्हापुरी रश्श्यापुढे तीस वर्षांची बाटली उघडणे म्हणजे शुद्ध नासाडी. तिला स्निग्ध, खमंग पण शांत पदार्थ हवा: लोण्यात परतलेला ट्राउट मासा, भाजलेले बदक, मुरलेले कठीण चीज. आम्ल चरबी कापते, आणि भाजल्याचा खमंगपणा वाइनमधील भाजल्या पावाच्या वासाला भेटतो. आउसलेझे जुनी झाली, तिचा गोडवा मागे सरला, की जर्मन घरांत ती हरणाच्या मांसाबरोबरही देतात. गोड पक्वान्नाशी मात्र तिचे जमत नाही. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की जिभेला वाइनमध्ये नुसते आम्ल उरल्यासारखे वाटते. जिलेबी खाऊन चहा प्यायल्यासारखी गत.

त्या दिवशी तळघरातून वर आल्यावर जेवणात भाजलेले बदक होते आणि पेल्यातली १९७६ ची श्पेटलेझे त्याच्याबरोबर फारच खुलली. मग यजमानीणबाईंनी सफरचंदाचा केक आणला. मी केकचा तुकडा तोंडात टाकून सवयीने पेल्याकडे हात नेला, तर यजमानांनी आपला पंजा पेल्यावर झाकण ठेवावे तसा पालथा ठेवला आणि केक संपेपर्यंत उचलला नाही.