कमी खर्चात कोरीव वळणे : आल्पाइन स्नोबोर्डिंगचा पहिला पाठ

गेल्या सत्रात वर्तुळाकार गतीचा पाठ चालू असताना एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, हे सूत्र तुम्ही स्वतः कधी प्रत्यक्ष वापरले आहे का?" मी उजवे मनगट वर करून दाखवले. ते अजूनही पूर्ण मागे वळत नाही. "वेळेवर वापरले असते, तर हे मोडले नसते," असे म्हणालो. वर्ग हसला, तास संपला आणि उत्तर अर्धवट राहिले. ते पुरे करावे म्हणून हा लेख. शिवाय आपले विद्यार्थी आता उच्च शिक्षणासाठी युरोपात जातात. तेथे हिवाळा आला की बर्फ खुणावू लागतो आणि खिशात पैसे मात्र मोजकेच असतात. अशांपैकी कोणाला या पाठाचा उपयोग झाला, तर लिहिल्याचे सार्थक होईल.

मी ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे पदव्युत्तर अभ्यासासाठी दोन वर्षे होतो. इन नदीच्या खोऱ्यातले हे शहर. १९६४ आणि १९७६ अशी दोनदा हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा येथे भरली. शनिवारी सकाळी शहराच्या बसमध्ये दप्तरांपेक्षा स्की आणि स्नोबोर्डच जास्त दिसत. बेळगावहून गेलेल्या मला बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा, एवढीच ओळख होती.

हा खेळ कोणता?

एका रुंद फळीवर दोन्ही पाय बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाणे म्हणजे स्नोबोर्डिंग. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९६५ साली शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की जोडून एक खेळणे केले. तेथून याचा प्रसार सुरू झाला. पुढे युरोपात स्कीसारखे कडक बूट घालून, अरुंद फळीवर वेगाने वळणे घेण्याची एक शाखा वाढली. तिला आल्पाइन स्नोबोर्डिंग म्हणतात. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये तिचा प्रथम समावेश झाला. २०१८ साली चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेत्स्का यांनी एकाच ऑलिंपिकमध्ये स्कीइंगचे आणि स्नोबोर्डचे, अशी दोन सुवर्णपदके मिळवली. त्यांची स्नोबोर्डची शर्यत याच शाखेतली होती.

या शाखेचा आत्मा म्हणजे कार्व्हिंग, अर्थात कोरीव वळण. सर्वसाधारण नवशिका फळी आडवी घासत वळतो आणि मागे बर्फ खरवडल्याचा रुंद पट्टा राहतो. कोरीव वळणात फळी एका कडेवर उभी राहते. तिचे शेपूट नाकाच्याच वाटेने जाते आणि मागे पेन्सिलीने ओढल्यासारखी एकच बारीक रेघ उमटते. चोर्ला घाटातल्या वळणावर मोटारसायकलवाला आतल्या बाजूला कलतो, तसेच येथे कलावे लागते. फरक इतकाच, की येथे माणूस कधी कधी हात टेकतील इतका बर्फाजवळ जातो.

थोडे गणित

फळीचा आकार डमरूसारखा, म्हणजे दोन्ही टोकांना रुंद आणि कमरेत बारीक असतो. तिच्या कडेची कमान एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असते. त्या वर्तुळाची त्रिज्या फळीवर बहुधा मीटरमध्ये छापलेली असते. हा आकडा म्हणजे या खेळाची किल्ली होय.

फळी कडेवर कलवली की दाबाने ती वाकते आणि मूळ त्रिज्येपेक्षा लहान वळण घेते. वळणाची त्रिज्या म्हणजे स्थूलमानाने कडेची त्रिज्या गुणिले कलाच्या कोनाची कोसाइन. दुसरीकडे, तोल राहण्यासाठी कलाच्या कोनाची टॅन ही वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरण व वळणाची त्रिज्या यांचा गुणाकार, इतकी असावी लागते. उताराचा परिणाम बाजूस ठेवून ही दोन समीकरणे एकत्र केली, तर सुटसुटीत उत्तर येते :

वेगाचा वर्ग = गुरुत्वत्वरण × कडेची त्रिज्या × कलाच्या कोनाची साइन

आता ३० अंश कलायचे आहे असे धरू. ३० अंशांची साइन अर्धी. फळीची त्रिज्या १० मीटर असेल, तर वेगाचा वर्ग ९.८ × १० × ०.५ = ४९. म्हणजे वेग सेकंदाला ७ मीटर, ताशी सुमारे २५ किलोमीटर. त्रिज्या २० मीटर असेल, तर तेवढ्याच कलासाठी वेग सेकंदाला ९.९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३६ किलोमीटर लागेल. फळी वेगाची मागणी करते आणि ती मागणी तिच्या कडेवरच लिहिलेली असते.

माझी चूक

शरद ऋतूत तिकडच्या गावोगावच्या सभागृहांत जुन्या स्की-सामानाचे बाजार भरतात. अशाच एका बाजारात १८५ सेंटिमीटर लांबीची, शर्यतीची फळी मला ६० युरोंत मिळाली. त्रिज्या २० मीटर. सोबत २५ युरोंचे कडक बूट घेतले. नवे सामान घ्यायचे, तर फळी, बूट आणि बाइंडिंग मिळून हजार युरोंच्या पुढे सहज जाते. त्यामुळे आपण फार मोठा सौदा केला, असे मला वाटले. बाबांनी माझ्या शिक्षणासाठी कर्ज काढले होते. त्यांचे पैसे वाचवल्याचे समाधानही त्यात होते.

पहिले आठ-दहा दिवस मी नुसता घासत राहिलो. ताशी ३६ किलोमीटरचा धीर मला नव्हता आणि त्याखाली फळी कलू देत नव्हती. दोष स्वतःला देत होतो. जानेवारीतल्या एका कडाक्याच्या सकाळी मागच्या बुटाचे कवच घोट्यापाशी काचेसारखे फुटले. मागचा पाय सुटला, पुढचा बांधलेला राहिला आणि मी उजव्या हातावर पडलो. मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते. प्रयोगशाळेतले काम थांबले आणि एका विषयाची परीक्षा पुढच्या सत्रावर गेली. घरी आईला दोन महिने सांगितले नाही. फोनवर चेहरा दाखवायचा, हात दाखवायचा नाही. ८५ युरोंचा तो सौदा आयुष्यातला सर्वांत महाग सौदा ठरला.

नंतर कळले, की बुटांचे प्लास्टिक न वापरताही वर्षानुवर्षांत ठिसूळ होते. वरून ते चकचकीत दिसते.

काटकसर कुठे करावी, कुठे करू नये

दुसऱ्या हिवाळ्यात मी हिशेब नव्याने मांडला. त्यातून शिकलेले क्रमाने सांगतो.

१. आधी काहीच विकत घेऊ नये. भाड्याची साधी फळी आणि मऊ बूट घ्यावेत. दोन्ही पाय पुढच्या दिशेला वळवावेत. पुढचा सुमारे ३० अंश, मागचा १५. सौम्य उतारावर बारीक रेघ उमटू लागली, की मगच पुढे जावे.

२. फळी जुनी चालते. लांबी १६० सेंटिमीटरच्या आसपास आणि त्रिज्या ९ ते ११ मीटर असावी. टेबलावर ठेवल्यावर मध्यभाग थोडा उचललेला दिसला पाहिजे. सपाट पडली, तर फळीतला जीव गेला असे समजावे. लोखंडी कडा पुरेशी जाड आहे ना, स्क्रूची छिद्रे गंजलेली नाहीत ना, हे पाहावे.

३. बुटांत काटकसर करू नये. उत्पादनाचे वर्ष विचारावे. दहा वर्षांहून जुने असतील, तर फुकट मिळाले तरी घेऊ नयेत. पांढुरके डाग किंवा केसाएवढी भेग दिसली, तर तेथेच ठेवून यावे. पर्वतावर चढून जाणाऱ्या स्कीवाल्यांचे अलीकडचे वापरलेले बूट अनेकदा स्वस्तात मिळतात आणि घोट्याशी थोडे वाकतातही. बाइंडिंगच्या तारा त्यांच्या टाचेवर व पंजावर पक्क्या बसतात ना, हे मात्र दुकानातच तपासावे.

४. हेल्मेट नवेच घ्यावे आणि मनगटाचे संरक्षकही विसरू नयेत.

५. निगा घरीच राखावी. एक कानस, एक मेणाची वडी आणि वाफ नसलेली जुनी कपड्यांची इस्त्री एवढ्यावर काम भागते. बोथट कड कठीण बर्फावर पकडत नाही.

माझा दुसरा हिशेब असा झाला : फळी ९०, बाइंडिंग ६०, बूट १२०, हेल्मेट व संरक्षक ६०, कानस व मेण ३०, एकूण ३६० युरो. पासातही बचत होते. रात्री यंत्राने दाबलेला उतार सकाळी सर्वांत चांगला असतो, म्हणून पूर्ण दिवसाऐवजी सकाळचा अर्ध्या दिवसाचा पास घ्यावा. मोठ्या प्रसिद्ध केंद्राऐवजी एखाद्या गावाची छोटी लिफ्ट शोधावी.

उतारावरचा पहिला दिवस

अरुंद फळीवर पाय बरेच पुढे वळवावे लागतात. बुटाचा पंजा किंवा टाच कडेबाहेर आली, तर ती बर्फाला लागून फळी उचलली जाते. माझ्या फळीवर पुढचा पाय ५५ आणि मागचा ५० अंशांवर ठेवला होता.

प्रथम उतारावर आडवे जावे आणि फळी हळूहळू कलवावी. काही बळ न लावता ती आपणहून वळून वर चढू लागते आणि थांबते. मागे वळून रेघ पाहावी. एकच बारीक रेघ असेल, तर साधले. रुंद असेल, तर घासले. दोन्ही कडांवर असे वीस-वीस वेळा करावे आणि मगच वळणाला वळण जोडावे. गुडघे वाकलेले असावेत, नजर वळणाच्या पुढच्या टोकावर असावी आणि बर्फाला हात लावण्याची घाई करू नये. हात पोचवायला गेले की कंबर बाहेर पडते आणि कड सुटते.

एक नियम पाठ करावा. आंतरराष्ट्रीय स्की व स्नोबोर्ड महासंघाच्या दहा नियमांत, उतारावर वरच्या दिशेला जाणाऱ्याने वर आणि खाली पाहावे असे सांगितले आहे. कोरीव वळण उताराची पूर्ण रुंदी घेते आणि शेवटी थोडे वरही चढते. मागून येणाऱ्याला त्याची कल्पना नसते. म्हणून प्रत्येक वेळी सुरुवात करण्याआधी मागे पाहावे.

त्या फेब्रुवारीत माझी पहिली जोड-वळणे साधली. वेग ताशी पंचवीसच्या आसपासच असेल. सूत्र जे म्हणत होते, तेच पायांना कळले.

परत येताना फळी आणि बाइंडिंग मी एका नव्या विद्यार्थ्याला विकले आणि फळीवरचा त्रिज्येचा आकडा त्याला समजावून सांगितला. माझे चांगले बूट त्याला बसत नव्हते. "तुझी ती पहिली जोडी दे, एक बूट तर धड आहे," असे तो म्हणाला. मी दिली नाही. दुसऱ्याही बुटाचे कवच करवतीने कापले आणि मगच कचऱ्यात टाकले.