जुळवलेला बँजो विकताना

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना

चि. सोहम यास,


बँजो विकायला काढलास हे कळलं. तुझ्या आईला अजून वाटतंय की तुझ्याकडे गणपतीच्या मिरवणुकीतला, बटणांचा बँजो आहे. तिची समजूत मी घालतो. तू पाठवलेला जाहिरातीचा मसुदा मात्र मला पटला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी त्यातला ‘मास्टरटोन’ हा शब्द काढ. ते गिब्सन कंपनीचं नाव, 1925पासूनचं. तुझ्या बँजोच्या माथ्यावर शिंपल्याची गिब्सनची अक्षरं आहेत, पण मान कुणा स्वतंत्र कारागिराची, कडं दुसऱ्याचं, त्यावरची धातूची टोन रिंग तिसऱ्याचीच. जाणकार गिऱ्हाईक बँजो हातात आल्या आल्या मागचे चार स्क्रू बोटांनी फिरवून रेझोनेटर उतरवतं आणि कड्याच्या आत डोकावतं. तिथे कारखान्याचा छाप नाही म्हटल्यावर तू रिंगबद्दल सांगितलेलं खरंसुद्धा त्याला खोटं वाटणार. तेव्हा पहिल्याच ओळीत लिही: सुट्या भागांतून जुळवलेला. माथ्यावरची अक्षरं नुसती शोभेची आहेत, हेही लगेच पुढे.

यात कमीपणा कसला? 1930च्या सुमाराला अमेरिकेत चार तारांच्या टेनर बँजोची चलती होती. पाच तारांचे गिब्सनने त्या मानाने थोडेच केले. डिसेंबर 1945मध्ये अर्ल स्क्रग्ज बिल मन्रोच्या बँडमध्ये आला, त्याचं तीन बोटांचं वाजवणं लोकांनी ऐकलं, आणि जो तो पाच तारांच्या मागे लागला. मग जुन्या टेनरच्या माना उतरवून नव्या पाचतारी माना चढवायचा धंदाच सुरू झाला. असे बँजो आजही मानाने विकले जातात. अट एवढीच, जुनं काय आणि नवं काय हे विकणारा आपणहून सांगतो.

आता किंमत. तू सगळ्या पावत्यांची बेरीज केलीस आणि वर जुळणीची मजुरी धरलीस. एवढे पैसे येणार नाहीत, हे मनाशी पक्कं कर. नामांकित कारखान्याचा वापरलेला बँजो केवढ्याला जातो हे घेणाऱ्याला ठाऊक असतं, उद्या पुन्हा विकता येईल याची खात्रीही असते. तुझ्यासारखा दुसरा बँजोच नाही, मग तो तुलना कशाशी करणार? तो धोका धरूनच भाव सांगतो. भाग सुटे करून विकलेस तर कदाचित चार पैसे जास्त सुटतील. रिंग आणि त्या कीथ खुंट्या (वाजवता वाजवता तार उतरवून पुन्हा नेमक्या सुरावर आणणाऱ्या) पटकन जातील. पण कडं त्याच रिंगसाठी कातलेलं, मानेची टाच त्याच कड्याला बसवलेली. उरलेलं घरात पडून राहील. शिवाय हा बँजो वाजतो छान. माझं मत विचारशील तर मोडू नकोस.

विकण्याआधी तो वाजता कर. नव्या तारा घाल. अकरा इंची हेड कड्याला धरून ठेवणारे चोवीस हूक आहेत, त्यांचा ताण सगळीकडे सारखा आहे का पाहा. एकाच बाजूने आवळत सुटू नकोस, समोरासमोरचे थोडे थोडे फिरव. घोडी नुसत्या नजरेने बसवू नकोस. बाराव्या पडद्यावर तार दाबून आणि नुसती हलकी शिवून, दोन्ही सूर एक येतात तिथेच ती ठेवायची. निकेलला पॉलिश मारत बसू नकोस. पहिल्या पाच पडद्यांवर तारांनी पाडलेल्या खाचा लपवायच्या तर नाहीतच, उलट त्यांचा जवळून फोटो दे. आतल्या कड्याचा, रिंगचा आणि मान जिथे कड्याला टेकते त्या सांध्याचा फोटोही हवाच.

देशाबाहेर पाठवायच्या फंदात पडू नकोस. बोटांखालची पट्टी ब्राझिलियन रोझवूडची निघाली तर परवान्यांचं लचांड मागे लागेल. कुणी जास्त रकमेचा चेक पाठवून ‘वरचे पैसे परत कर’ म्हणाला, तर त्याला उत्तरसुद्धा देऊ नकोस; तो चेक पुढे परत येतो आणि तू दिलेले पैसे गेलेले असतात. खऱ्या गिऱ्हाइकाला मात्र दोन दिवस वाजवून बघायला दे. नाही आवडला तर परतीचा खर्च त्याचा. खोक्यात भरताना तारा सैल कर, घोडी आडवी करून खाली मऊ कापड ठेव, आणि पेटीत मानेखाली, माथ्याच्या मागे आधार दे. आपटल्यावर मोडतं ते तिथेच.

मान कुणी केली हे आधीच्या मालकाला विचारून घे. त्याला आठवत नसेल तर ‘माहीत नाही’ असंच लिही. आणि किंमत टाकण्याआधी नवा मसुदा मला पाठव.

तुझा,
अरुणकाका