शिबिराला जाण्याआधी

चि. ओंकार,


फिल्म-शिबिरात तुझी निवड झाल्याचं दादाकडून कळलं. खूप आनंद झाला. फी नाही म्हटल्यावर तो जरा साशंक आहे, फुकटात काय शिकवणार म्हणतो. त्याला मी दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण दिलं.

१९१२ साली फाळके विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडनला गेले. ओळखीपाळखीचं कुणी नव्हतं. तसेच ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या कचेरीत शिरले. संपादक कॅबर्न यांनी चित्रपट-निर्माता सेसिल हेपवर्थशी गाठ घालून दिली आणि हेपवर्थनं वॉल्टनचा आपला स्टुडिओ त्यांना मोकळेपणानं दाखवला. तेवढ्यावर ते परतले. पण आल्याआल्या ‘राजा हरिश्चंद्र’ला हात घातला नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ एकेक फ्रेम करत महिनाभराहून जास्त काळ टिपली. जेमतेम मिनिटभराची फिल्म, पण पुरी केलेली. तीच दाखवून भांडवल उभं राहिलं. आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई! कच्च्या फिल्मला अंधारात भोकं पाडण्यापासून सगळं त्या घरीच शिकल्या. त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

शिबिरात सगळे कॅमेऱ्याभोवती गर्दी करतील. तू साउंड रेकॉर्डिस्टच्या शेजारी बस. हेडफोन लावून ऐक. प्रत्येक लोकेशनवर सगळ्यांना गप्प करून अर्धं मिनिट नुसता त्या जागेचा आवाज घे. दोन संवादांच्या मधे पडणारी पोकळी एडिटिंगमध्ये त्यानंच भरते. सुंदर टिपलेले शॉट निव्वळ खराब आवाजामुळे कापावे लागतात तेव्हा माझा जीव तुटतो.

शिकवायला येणारी माणसं आपलं काम बाजूला ठेवून येतात. त्यांना नेमकं विचार: हा कट इथेच का, लाइट खिडकीच्याच बाजूनं का. घरी आलास की फोनवर का होईना, तीन मिनिटांची फिल्म कर आणि टायटल्ससकट पुरी कर. एडिटिंगला डा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरेल.

प्रवास-जेवणाचा खर्च मी करीन, दादाला त्याची काळजी नको. फक्त तिथल्या फॉर्मवर लगेच सही करू नकोस. शिबिरात केलेल्या फिल्मचे हक्क कुणाकडे राहणार, ते त्यात लिहिलेलं असतं. आधी फोटो काढून मला पाठव, आपण दोघं मिळून वाचू.

तुझी,
आत्या